दिव्यांग मूल साध्या वर्गात: पटनोंदणीपासून पुढच्या वर्गापर्यंतचा क्रम

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या शाळांमध्ये फिरताना एक चित्र पुन्हा पुन्हा दिसतं. दिव्यांग मुलाचं नाव हजेरीत आहे, पोर्टलवर नोंद आहे, तालुक्याच्या शिबिराला ते जाऊन आलंय. वर्गात मात्र ते बस्करपट्टीच्या टोकाला बसून पाटीवर रेघोट्या मारतंय. शिक्षकाला कळकळ असते, क्रम चुकलेला असतो. आधी प्रमाणपत्र येऊ द्या, मग साहित्य मिळेल, मग विशेष शिक्षक सांगतील तसं शिकवू, असं म्हणता म्हणता दिवाळी येते. आणि दिवाळी झाली की कितीतरी गावांतून कुटुंबं ऊसतोडीला निघतात, त्यांच्याबरोबर ते मूलही जातं.

खालच्या क्रमात शिकवणं पहिल्या आठवड्यात सुरू होतं आणि कागद त्याच्या सोबतीनं चालतात. डोळ्यासमोर आहे ती एक किंवा दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळा, जिथे दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत बसतात आणि विशेष शिक्षक महिन्यातून एखाद-दोनदा येतात. मोठ्या शाळेला यातलं बरंच सोपं जाईल.

१. जूनच्या आधी: मूल शोधा आणि घरी जा

सर्वेक्षणात दिव्यांग मूल सुटतं, कारण दारात उभं राहून "शाळेत जाणारी मुलं किती?" एवढंच विचारलं जातं. घरचे ते नाव घेत नाहीत. म्हणून यादी वेगळ्या वाटेनं काढा. अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांना गावातलं प्रत्येक मूल माहीत असतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतं, त्यांच्या नोंदी मागा. आणि शाळेतल्या मुलांना विचारा. "तुझ्या गल्लीत शाळेत न येणारं कोण आहे?" या प्रश्नाला पोरं खरं उत्तर देतात.

घरी जायची वेळ सकाळी लवकर किंवा दिवे लागल्यावर. मे महिन्याच्या दुपारी कोणी बोलायच्या मनःस्थितीत नसतं आणि जूनमध्ये पेरणीची धावपळ असते. शक्यतो आईशी बोला. बसल्या बसल्या "याला काय झालंय?" असं विचारू नका. तो प्रश्न त्या घराने शंभरदा ऐकलेला असतो, लगेच दवाखान्याची पिशवी बाहेर येते आणि पुढचा अर्धा तास त्यातच जातो. त्याऐवजी हे विचारा:

- हा स्वतःचं स्वतः काय काय करतो? जेवण, कपडे, पाणी घेणं?
- हवं-नको कसं सांगतो? बोलून, बोट दाखवून, ओढत नेऊन?
- लघवी-संडास लागली की कसं कळतं?
- रोजचं औषध आहे का? कधी फिट येते का?
- कशानं घाबरतो, कशात रमतो?
- घरात कोणती बोली चालते?

शेवटचा प्रश्न सोडू नका, पुढच्या टप्प्यात त्याचं काम आहे.

घरचे म्हणतील, "गुरुजी, याला काय येणार? आणि कागद तर काहीच नाही." तेव्हा नियम सांगता आला पाहिजे. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही आणि मूल वयानुरूप वर्गात बसतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम १६ नुसार शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क कलम ३१ देतं. प्रमाणपत्र लागतं ते लाभांसाठी. वर्गात बसायला ते लागत नाही.

सावधान: तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलासाठी गृहाधारित शिक्षणाचा पर्याय कायद्यात आहे, पण तो निवडायचा हक्क मुलाचा आणि पालकांचा आहे. "घरीच राहू द्या, मॅडम येतील शिकवायला" असं शाळेनं परस्पर ठरवायचं नसतं.

२. पहिले पंधरा दिवस: बघा, लिहा, शिक्का मारू नका

एक साधी वही घ्या आणि रोज दोन ओळी लिहा. आज काय जमलं, कुठे अडलं. "मंद आहे", "लक्ष नाही" असली वाक्यं त्या वहीत नकोत. "फळ्यावरचं उतरवताना दोनदा उठून पुढे आला", "मागून हाक मारली तर वळला नाही" अशी हवीत. पुढे डॉक्टर आणि विशेष शिक्षक याच ओळींवरून काम करतात.

मग चार गोष्टी याच क्रमानं तपासा.

डोळे. सहा मीटरवरून 'ई' चा तक्ता दाखवा, एकेक डोळा झाकून. तक्ता प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळतो. मूल पुस्तक नाकाला लावतं का, उन्हातून खोलीत आल्यावर चाचपडतं का, हेही बघा.

कान. मूल खेळात गुंग असताना मागून, त्याला तुमची सावली दिसणार नाही असं उभं राहून, साध्या आवाजात नाव घ्या. मग हळू आवाजात. कान वाहतोय का, बघा. वाहणाऱ्या कानाकडे "होतं तसं लहानपणी" म्हणून दुर्लक्ष होतं आणि ऐकू येणं हळूहळू कमी होत जातं.

बोली. सगळ्यात जास्त चूक इथे होते. घरी अहिराणी, पावरी, भिली किंवा गुजरी बोलणारं मूल पहिलीत प्रमाण मराठीतल्या सूचनेवर गप्प बसतं आणि त्याच्या नावापुढे 'बौद्धिक' अशी नोंद पडते. हेच प्रश्न घरच्या बोलीत विचारून बघा. "तुन्हं नाव काय शे?" म्हटल्यावर ज्याचा चेहरा खुलतो, त्याची अडचण वेगळी आहे. पावरी तुम्हाला येत नसेल तर अंगणवाडी सेविका किंवा चौथीतली एखादी ताई मदतीला घ्या.

हजेरी. वर्षातले कित्येक महिने बाहेरगावी काढणाऱ्या मुलाला वाचन येत नाही, यात नवल काय? आधी सलग दोन महिने शिकवून बघा, मगच पुढचा विचार.

हे चारही तपासून झाल्यावर अडचण उरली, तर ती दिव्यांगत्वाची शंका. 'अध्ययन अक्षम' (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात खास अडचण असलेलं मूल) हा शब्द पहिली-दुसरीत वापरू नका. त्याची पडताळणी साधारण तिसरीत, आठव्या वर्षाच्या आसपास सुरू होते, आणि निदान शिक्षक करत नाही.

तपासा: पंधराव्या दिवशी वहीत निदान दहा 'जमलं' आणि दहा 'अडलं' आहेत का? 'जमलं' रिकामं असेल, तर तुम्ही मुलाकडे अजून नीट पाहिलेलं नाही.

३. जागा: वर्ग, उतार, शौचालय

कायद्याच्या यादीत २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे. बसायची जागा प्रकार बघून ठरते, आणि ती पहिल्या आठवड्यात ठरवता येते, कारण तिला खर्च नाही.

कमी दिसणाऱ्या मुलाला पुढे बसवतात, पण खिडकी समोर येते आणि फळा चमकतो. त्याची पाठ खिडकीकडे हवी. तुम्ही स्वतः त्याच्या जागेवर खाली बसून फळ्याकडे बघा, दोन मिनिटांत कळेल. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला तुमचा चेहरा दिसला पाहिजे आणि त्याचा बरा कान वर्गाकडे हवा. पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाळ्यात त्याला काहीच ऐकू येत नाही. त्या वेळी लिहिणं, चित्र, पाढे असं काम ठेवा. मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) असलेलं, तोल न राहणारं मूल जमिनीवर बसत असेल तर खोलीच्या कोपऱ्यात बसवा. दोन भिंतींचा आधार पाठीला मिळतो आणि हात मोकळे होतात. खुर्चीवर बसत असेल तर पाय लोंबकळता कामा नयेत, खाली पाट किंवा विटा ठेवा.

उताराबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्याकडचे बरेच उतार चढता न येण्यासारखे बांधलेले आहेत. प्रमाण एकास बारा. ओटा दीड फूट उंच असेल तर उतार अठरा फूट लांब लागतो. पाच-सहा फुटांत तो उरकला की चाकाची खुर्ची कोणी ढकलल्याशिवाय चढत नाही आणि उतरताना पुढे कलंडते. दोन्ही बाजूंना कठडा, वर दारापुढे खुर्ची वळेल एवढी सपाट जागा आणि खाली पक्का रस्ता लागतो. जुलैत उताराचं टोक चिखलात संपत असेल तर तो चार महिने बंदच आहे असं समजा. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात. दुरुस्तीचा ठराव जूनच्या सभेत घ्या आणि मोजमाप ठरावातच लिहा. 'रॅम्प बांधणे' एवढंच लिहिलं तर पुन्हा पाच फुटांचाच होईल.

शौचालय मी उतारापेक्षा वर ठेवेन. मूल शाळा सोडतं त्यामागे अनेकदा हेच असतं, विशेषतः मुली चौथी-पाचवीत गेल्यावर. शौचालयापर्यंत पायरीशिवाय जाता येतं का, आत धरायला नळीचा दांडा आहे का, कडी मुलाच्या हाताला पोचते का, पाणी आत आहे की हापशावरून आणावं लागतं, हे मुलाला बरोबर नेऊन बघा. मदत कोण करणार ते आईशी बोलून ठरवा. ती जबाबदारी वर्गातल्या मुलांवर टाकू नका.

सावधान: जे मूल सकाळपासून पाणीच पीत नाही, ते शौचालयाची अडचण टाळतंय. आपल्याकडच्या उन्हात हे धोक्याचं आहे.

४. कागद: सोबतीनं, पण नेमक्या क्रमानं

कागदात वर्ष वाया जातं ते उलट फेऱ्यांमुळे. म्हणून:

अ) शाळेच्या नोंदीतलं नाव, आधारवरचं नाव आणि जन्मतारीख आधी जुळवा. एका काना-मात्रेच्या फरकानं पुढचं सगळं अडतं.

आ) युडायस आणि सरल या शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदींच्या पोर्टलवर दिव्यांगत्वाच्या प्रकाराची नोंद करा. शंका असेल तर गटसाधन केंद्रातल्या (शिक्षण खात्याच्या तालुका पातळीवरच्या केंद्रातल्या) समावेशित शिक्षणाच्या विषयतज्ज्ञांना विचारूनच. चुकीचा प्रकार पडला तर साहित्यही चुकीचं येतं.

इ) स्वावलंबन पोर्टलवर युडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगत्वाच्या ओळखपत्राचा, अर्ज भरा. फोटो, सही किंवा अंगठा, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो.

ई) दवाखान्यात निघण्यापूर्वी दिव्यांगत्व तपासणारं डॉक्टरांचं मंडळ कोणत्या वारी बसतं आणि त्या दिवशी त्या विषयाचे डॉक्टर आहेत का, हे फोनवर पक्कं करा. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून नंदुरबारला यायचं म्हणजे आईबापांची मजुरी बुडते आणि भाडं वेगळं. एकदा हात हलवत परतलेलं कुटुंब दुसऱ्यांदा निघत नाही.

उ) बँक खातं मुलाच्या नावानं, आधार जोडलेलं. समग्र शिक्षा अभियानात विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. त्यात साहित्य, प्रवास आणि मदतनीस भत्ता येतो. मुलींना दरमहा २०० रुपये, दहा महिने, प्रोत्साहन भत्ता थेट खात्यात जमा होतो.

सहा वर्षांखालचं भावंड असेल आणि त्याच्याबद्दलही शंका असेल, तर बाल स्वास्थ्य पथकामार्फत त्याला जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात याच फेरीत दाखवून घ्या.

तपासा: प्रत्येक कागदाची एक छायाप्रत शाळेत, एक घरी, फोटो पालकाच्या मोबाइलमध्ये.

५. बाकीचा वर्ग आणि गाव

मुलाला समोर उभं करून "याला मदत करायची बरं का" असं सांगू नका. त्या दिवसापासून तो मदतीचा विषय होऊन बसतो. वर्गाशी बोलायचंच असेल तर सगळ्यांबद्दल बोला. कोणाला पोहता येतं, कोणाला येत नाही, कोणाला चष्मा लागतो, कोणाला अंधाराची भीती वाटते. मग कामाच्या सूचना द्या: कानाला यंत्र लावणाऱ्याशी समोरून बोलायचं, खुर्ची विचारल्याशिवाय ढकलायची नाही.

जोडीदार द्या, पण दर आठवड्याला बदला. एकाच हुशार मुलीकडे वर्षभर हे काम दिलं की तिचा अभ्यास मागे पडतो आणि याची बाकीच्यांशी ओळखच होत नाही. आणि या मुलालाही कोणासाठी तरी काही करायला द्या: खिचडीच्या वेळी ताटल्या मोजणं, घंटा देणं, पाढे म्हणून घेणं.

गावात मुलाला व्यंगावरून हाक मारण्याची सवय असते, घरचेसुद्धा मारतात. शाळेत पहिल्या दिवसापासून फक्त नाव, आणि हा नियम मोठ्यांनाही. एका शाळेत मदतनीस ताईंनी खिचडी वाढताना मुलाला नावानं हाक मारायला सुरुवात केली आणि आठवडाभरात सगळी रांग नावानंच बोलवू लागली.

६. एक पानाचा वैयक्तिक आराखडा

आठ-दहा पानांचा छापील नमुना भरून कपाटात ठेवण्यापेक्षा, टेबलाच्या काचेखाली राहील असं एक पान करा. त्यात पाच गोष्टी: आज काय येतं, तीन महिन्यांत कोणती तीन उद्दिष्टं, ती कशी शिकवणार, कोण कधी शिकवणार, कशावरून कळणार. हे पान पालक आणि विशेष शिक्षकांबरोबर बसून जुलैच्या आत व्हावं.

अडतं ते उद्दिष्टापाशी. 'वाचन सुधारणे', 'आत्मविश्वास वाढवणे' अशी वाक्यं लिहून काहीच हातात येत नाही, कारण ते झालं की नाही हे कोणी सांगू शकत नाही. याच्याऐवजी लिहा: "सप्टेंबरअखेर काना-मात्रा नसलेले दहा शब्द (कमळ, नळ, घर, बदक...) वाचून चित्राशी जोडेल, दहापैकी आठ बरोबर." किंवा: "दुकानातून दहा रुपयांची वस्तू आणून उरलेले पैसे मोजून देईल." किंवा: "लघवी लागल्यावर चित्राचं कार्ड दाखवेल, रोज, सांगावं न लागता."

तीनपेक्षा जास्त उद्दिष्टं नकोत. तीनपैकी एक अभ्यासाचं, एक रोजच्या जगण्याचं आणि एक इतर मुलांत मिसळण्याचं असलं तर पान समतोल होतं.

सावधान: उद्दिष्ट मुलाचं हवं. "फिजिओथेरपी देणे" हे तुमचं काम झालं, "भिंत धरून वर्गातून व्हरांड्यात जाईल" हे मुलाचं उद्दिष्ट.

७. रोजचा पाठ

समावेशनाची परीक्षा इथे होते. मुलाला वेगळं चित्र रंगवायला देऊन बाकीच्यांना गणित शिकवणं म्हणजे एका खोलीत दोन शाळा. विषय तोच ठेवा, पायरी बदला. तिसरीचा वर्ग हातच्याची बेरीज करतोय, तर हे मूल त्याच वेळी चिंचोके घेऊन दहापर्यंतची बेरीज करेल, आणि एक गणित फळ्यावर येऊन सोडवेल. बहुवर्ग शिकवणाऱ्याला हे परकं नाही. पहिली आणि तिसरी एकत्र हाताळताना तुम्ही रोज हेच करता, त्यात अजून एक पायरी धरायची.

प्रत्येक सूचना तीन रीतींनी द्या: बोलून, लिहून किंवा चित्रानं, आणि करून दाखवून. याचा फायदा बोलीमुळे अडणाऱ्या सगळ्याच मुलांना होतो.

आता प्रकारानुसार. सगळं वाचू नका, तुमच्या वर्गात जे मूल आहे ते वाचा.

कमी दिसणं. फळ्यावर लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणा. "हे इथे मिळवा" म्हटलं तर त्याला काही कळत नाही, "सत्तावीसमध्ये आठ मिळवा" म्हणा. फळा ओल्या फडक्यानं पुसलेला, अक्षर मोठं. वहीत जाड काळ्या पेनानं रेघा आखून द्या. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ मोबाइलवर मोठ्या करून दाखवता येतात. मोठ्या अक्षरांच्या किंवा ब्रेल पुस्तकांची मागणी गटसाधन केंद्रात वेळेत द्या.

कमी ऐकू येणं. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. आधी लिहा, मग वळा, मग बोला. ओरडण्यानं ओठांचा आकार बिघडतो आणि त्याला उलट कमी कळतं. श्रवणयंत्र रोज सकाळी प्रार्थनेआधी तपासा: यंत्र चालू करून मुठीत धरलं की बारीक शिट्टी येते. नाही आली तर आधी बॅटरी बघा. बॅटरी आठवडा-दोन आठवड्यांत उतरते, आणि शिबिरात मिळालेली यंत्रं घरी ट्रंकेत पडून राहतात ती बहुतेक वेळा एवढ्याच कारणानं. आपल्याकडे घामानंही यंत्र बिघडतं, दुपारी कोरड्या कापडानं पुसून घ्या. बॅटरीचा खर्च शाळेच्या अनुदानातून किंवा समितीच्या मदतीनं होतो का, ते जूनमध्येच ठरवा.

हात-पाय, मेंदूचा पक्षाघात. पेन्सिल बोटांतून सुटत असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी कापून पेन्सिलीवर घट्ट गुंडाळा, अंगठ्याएवढी जाड होईपर्यंत. कागद चिकटपट्टीनं फळीवर लावा आणि फळीखाली दोन पुस्तकं ठेवून तिला उतार द्या. मान वर राहते, अक्षर सुधारतं. तरीही हात थकतो. म्हणून दहापैकी चारच उत्तरं लिहून घ्या, बाकीची तोंडी. अशा मुलांची बुद्धी अनेकदा शाबूत असते, बोलणं अस्पष्ट असतं एवढंच. उत्तरासाठी थांबा. मनात दहापर्यंत मोजा, मधे वाक्य पूर्ण करून देऊ नका.

बौद्धिक दिव्यांगत्व. कामाचे तुकडे करा. 'हात धू' यात नळ उघड, हात ओले कर, साबण लाव, चोळ, धू, नळ बंद कर अशा सहा पायऱ्या आहेत. एका वेळी एक शिकवा आणि रोज त्याच क्रमानं. येतं म्हणून सोडून दिलं तर महिन्यात विसरतं, सराव चालू ठेवा.

स्वमग्नता (ऑटिझम). प्रार्थनेचा भोंगा, गॅदरिंगचा स्पीकर, वेळापत्रकातला अचानक बदल यांनी मूल बिथरतं. दिवसाचं वेळापत्रक चित्रांत काढून त्याच्याजवळ लावा, बदल असेल तर सकाळीच सांगा. कान झाकून घेतो म्हणून हात खाली ओढू नका. भोंग्यापासून लांब उभं करा.

सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. सातपुड्याच्या पट्ट्यात आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या शाळांना हे नीट माहीत असायला हवं. २०१६ च्या कायद्यानं सिकलसेल दिव्यांगत्वाच्या यादीत घेतला. मूल दिसायला धडधाकट असतं, आणि अचानक हात-पाय, पोट, छाती दुखून कळवळतं. ते ढोंग नसतं. पाण्याची बाटली जवळ हवी, लघवीला कितीही वेळा जाऊ द्यावं, उन्हात प्रार्थनेला उभं करू नये, शर्यतीत जबरदस्ती नको, थंडीत स्वेटर हवा. ताप, छातीत दुखणं, धाप किंवा डोळे एकदम पिवळे दिसले तर घरी पाठवण्यात वेळ न घालवता आरोग्य केंद्रात न्या. दुखण्यात बुडालेले दिवस गैरहजेरीच्या रागात मोजू नका. परत आल्यावर बुडालेला भाग कसा भरून काढायचा ते आराखड्यात लिहून ठेवा.

फिट. घड्याळ बघा. आजूबाजूचं सामान हटवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, झटके ओसरले की कुशीवर वळवा. तोंडात चमचा, पाणी, बोट काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. चप्पल किंवा कांदा हुंगवण्यानं काही होत नाही, त्यात वेळ जातो. पाच मिनिटांहून जास्त चाललं, लागोपाठ दुसरी आली किंवा पहिलीच वेळ असेल तर १०८ ला फोन. नंतर मूल गुंगीत असतं, झोपू द्या.

तपासा: दिवस संपताना स्वतःला विचारा: आज हे मूल किती वेळा बोललं किंवा काही करून दाखवलं? उत्तर 'एकदाही नाही' असं दोन दिवस आलं तर पायरी चुकलीय, ती बदला.

८. मूल्यमापन आणि परीक्षा

आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनात आराखड्यातली तीन उद्दिष्टं हाच पाया. सरसकट 'क' देऊन मोकळं होणं किंवा दयेनं 'अ' देणं, दोन्हींनी पुढच्या शिक्षकाची दिशाभूल होते. श्रेणीशेजारी एक ओळ लिहा: काय येतं, कशाच्या मदतीनं येतं.

माध्यमिक शाळांची चूक वेगळी असते, दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर जागं होणं. २०१६ च्या कायद्याचं कलम १७ जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख करतं. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शाळांचे सवलतीचे प्रस्ताव नाशिक विभागीय मंडळाकडे जातात आणि ते शाळेमार्फतच जातात. प्रमाणपत्राचं काम नववीत संपवा, प्रस्ताव दहावीच्या सुरुवातीला.

लेखनिकाला मुलाच्या बोलण्याची सवय नसेल तर सवलत मिळूनही गुण जातात. सराव परीक्षा त्याच लेखनिकाबरोबर, त्याच जादा वेळेत घ्या.

९. स्थलांतर, सुट्टी आणि पुढचा वर्ग

कुटुंब ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला जाणार असेल, तर आधी विचारा: आजी-आजोबांकडे मूल राहू शकेल का? राहणार असेल तर औषध, आंघोळ, शाळेत आणणं-नेणं कोण करणार ते ठरवून घ्या. जाणारच असेल तर शिक्षण हमी पत्रकासोबत (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शाळा देते ते पत्रक) आराखड्याचं पान, युडीआयडीची छायाप्रत, औषधाची चिठ्ठी आणि तुमचा फोन नंबर प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हाती द्या. श्रवणयंत्र, कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी), चष्मा बरोबर नेले का, ते निघायच्या दिवशी बघा. परतल्यावर पहिले दोन दिवस नवीन काही शिकवू नका. पंधरा दिवसांची निरीक्षण वही पुन्हा उघडा आणि काय टिकलंय ते तपासा.

वर्ष संपताना पुढच्या शिक्षकाला किंवा पाचवीच्या शाळेला एक पान लिहून द्या. त्यात निदानाची नावं कमी आणि रोजची माहिती जास्त हवी: कुठे बसवलं की चांगलं काम करतो, कोणत्या हातानं लिहितो, चिडला की कशानं शांत होतो, कोणता मित्र जवळचा आहे, शौचालयाला कशी मदत लागते, कोणतं उद्दिष्ट अर्धवट राहिलं. दाखला देतानाच हे पान सोबत जोडा. शक्य असेल तर एप्रिलमध्ये मुलाला घेऊन नव्या शाळेत एकदा जाऊन या. वर्ग, हापशी, शौचालय आणि नवे वर्गशिक्षक त्याला दाखवा, आणि उतार, कठडा किंवा पायऱ्यांचं काही काम निघालं तर ते मुख्याध्यापकांना तिथेच लेखी द्या, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत ते होऊ शकेल.